मामांच्या सादेला आलेलं उत्तर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या संचालकबाई; व्यासपीठावरील मान्यवर; सत्कारमूर्ती सर्वेक्षक, आपल्या सर्वांचे मामा; पहिल्या रांगेतल्या मामी; आणि पोटात कावळे ओरडत असूनही चेहरा गंभीर ठेवणाऱ्या सहकाऱ्यांनो,

यंत्रविभागाचा प्रमुख म्हणून मामांविषयी बोलायचा मान मला मिळाला. आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, हे आपण जाणताच.

मामांनी जन्मभर दरीतली रानघुबडं मोजली. रीत कोणती? तोंडापुढे ओंजळ धरून घुत्कार काढायचा आणि घुबड उत्तर देतं का ते ऐकायचं. पुढे आम्ही झाडांना आवाज टिपणारी यंत्रं बांधली. यंत्र झोपत नाही, गुडघे दुखतात म्हणून कण्हत नाही. मामी, हसा की! यंत्रांनी वर्षभर ऐकून सांगितलं, दरीत एकही घुबड उरलेलं नाही. मामांना ते पटेना. ते एका संध्याकाळी स्वतः दरीत गेले आणि भरल्या डोळ्यांनी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "साहेब, त्यानं उत्तर दिलं. पुन्हा पुन्हा दिलं. आहे तो तिथं."

घुबड असेल तर दरीतली झाडं तोडता येत नाहीत, असा नियम आहे. आणि दरी म्हणजे मामांचा जीव की प्राण. ते घुबड शोधायला त्यांनी निवृत्तीला मुदतवाढ मागितली, तीही बिनपगारी.

आता भेटवस्तू. हा छोटा स्पीकर. यंत्राला नीट ऐकू येतं का, हे तपासायला त्याच्यापुढे घुत्कार वाजवावा लागतो. खरं घुबड कुठून आणणार? आम्ही दरीत या स्पीकरवर मामांचंच जुनं ध्वनिमुद्रण लावलं. त्या संध्याकाळी मामा पलीकडच्या उतारावर साद घालत होते, आणि उत्तर देत होते तेही मामाच! त्यांना स्वतःचा आवाज ओळखता आला नाही. यंत्रानं मात्र 'माणूस' अशी अचूक नोंद केली.

तेव्हाच का नाही सांगितलं? एवढ्या आनंदात असलेल्या माणसाचा हिरमोड करवेना. शिवाय निरोपाच्या भाषणाला एखादा किस्सा लागतोच. मुदतवाढीचा अर्ज अर्थात नामंजूर झाला आहे. तोड सोमवारपासून सुरू होईल. मामा, उठू नका, हार घालायचा राहिलाय.

संचालकबाईंचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला. मामा, जाता जाता एकदा माइकवर तो घुत्कार ऐकवाल? काय म्हणता मामी, नको? बरं, राहू दे. आमच्याकडे ध्वनिमुद्रण आहे.