दारावरचं नाव

आमच्या गाडीच्या दारावर मेलेल्या माणसाचं नाव का, असं सगळे विचारतात. ऐका तर मग.

गाडी माझ्या दिराच्या नावावर, पण दहा वर्षं चालवली ती आमच्या यांनी. हे गेल्यापासून ती नुसतीच उभी होती. मार्च संपत आला तसे भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाडी मुक्या मुलांच्या शाळेला देऊन टाकू. दादाच्या नावानं पुण्य होईल."

"पुण्य बरं मार्चमध्येच आठवलं?"

"टॅक्समध्ये सूट मिळते हो थोडी."

मिळू दे म्हटलं. मुलं तिच्यातून तपासणीला दवाखान्यात जातील, यांचं नाव राहील. गाडी गेली त्या दिवशी मी पोटभर रडले. शाळेनं दारावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'स्वर्गीय मधुकर यांच्या स्मरणार्थ'.

चौथ्या दिवशी टॅक्सवाल्या वकिलानं सांगितलं, वस्तू दिली तर सूट नाही, पैसेच द्यावे लागतात. भाऊजी तसेच उठले आणि गाडी परत घेऊन आले.

"लाज नाही वाटली?"

"कागद कुठे झाले होते अजून?" म्हणे.

दुसऱ्या दिवशी नाव खरवडून काढायला पेंटर आणला. मी गाडीपुढे उभी राहिले. म्हटलं, "हात लावलास तर हात मोडीन. आणि भाऊजी, तुमचे दादा एकदा मेले तेवढं पुरे."

पेंटर पळाला. मुलं अजून पायीच दवाखान्यात जातात. भाऊजी त्याच गाडीतून राजपुऱ्यात दुकानावर जातात. लोक दारावरचं वाचून हात जोडतात, आणि भाऊजी काच वर करून घेतात.