स्वच्छ रिपोर्ट

—काहीच सापडलं नाही, म्हणजे चांगलंच की, सिस्टर! मग तोंड पाडून काय सांगताय? जन्मात पहिल्यांदा एखाद्या तपासणीत निर्मळ निघालो, तर... हां. हां, म्हणजे रोज दुखण्याच्या दोन गोळ्या घेणाऱ्याच्या लघवीत गोळी सापडायलाच हवी. आलं लक्षात. बाकीच्यांच्यात जास्त सापडली म्हणून रागावता, माझ्यात सापडली नाही म्हणून. इकडे आड, तिकडे विहीर! विकतो? मी? अहो, चाळीस वर्षं सुतारकाम केलं, एक खुर्ची धड भावात विकता आली नाही मला— गोळ्या काय विकणार!

दुखतं हो, भयंकर दुखतं. शून्य ते दहामध्ये ना? आठ लिहा. दहा म्हटलं की डॉक्टरांच्या भुवया वर जातात, सहा म्हटलं की शेक घ्या म्हणतात— आठ बरं. कसं दुखतं? कमरेतून कळ निघते, ती थेट पोटरीपर्यंत, जिन्याच्या तिसऱ्या पायरीला थांबावं लागतं, मग वाटतं, जाऊ दे, आता इथंच बसते— बसतो. बसतो म्हटलं मी. अशा काय बघताय?

बरं, पाठ केलंय. आमच्या मंडळींचं. बाहेर बाकावर बसलीय ना, माझी कंबर दुखते म्हणून माझीच पिशवी सांभाळत— ती. कंबर तिची. बारा वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर हीच गोळी तिला लागली— लागली म्हणजे चटकच लागली. खोटं बोलायची, औषधांच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवायची, माझ्याकडे बघायची ते परक्यासारखं. सुटायला वर्ष गेलं. म्हणून आता दुखणं उलटलं तेव्हा तिनंच डॉक्टरांना हात जोडले— काहीही द्या, ती नको. दिलं त्यांनी, दुसरं औषध, व्यायाम. सावकाश फरक पडेल म्हणाले. सावकाश! ती जिन्यावर कण्हत उभी, आणि मी खाली उभा राहून ऐकू? नाही जमलं मला, सिस्टर. मग काय, आलो इथं कंबर धरून. नाटकात कधी काम केलं नव्हतं, पण डॉक्टर पहिल्याच अंकात फसले!

ती? तिला कुठं माहीत आहे! कॅल्शियम म्हणून देतो. बाटली बदलली, झालं— एवढी साधी गोष्ट तुमच्या शिकल्यासवरल्या लोकांना सुचली नाही. सवय लागायला माणसाला कळायला तर हवं ना, आपण काय खातोय ते? हसते आता. जिना चढते. शेजारणीला सांगत होती, कॅल्शियमनं जादू केली. डोळे भरून आले माझे, खरं सांगतो.

नको, तिला आत बोलावू नका. डॉक्टरांना फोनही नको. पुढच्या वेळी मी स्वतः एक गोळी खाऊन येतो, रिपोर्ट कसा झकास येईल, तुमचं काम सोपं, माझंही. फक्त या खेपेला चार जास्त लिहून मिळाल्या तर... नाही, ती गेल्या आठवड्यापासून म्हणतेय, अहो, कॅल्शियमच्या दोन-दोन द्या ना. दिल्या मी. आज सकाळपासून तीनदा विचारलं तिनं, वेळ झाली का, वेळ झाली का. तिसऱ्यांदा विचारताना माझ्याकडे बघितलं, ते...

कॅल्शियम असं कोणी मागून मागून खातं का हो, सिस्टर?

थांबा. ठेवू नका तो फोन. लावा.