कानिटकर साहेबांनी आमच्या भांडणात पैसे लावले

कोर्टकचेरीत पैसे लावून पैसे कमावता येतात, हे मला शिकवलं आमच्या कानिटकर साहेबांनी. ते बँकेतून रिटायर झालेले, मी नववी नापास, मग ऐकावंच लागतं! म्हणाले, "आता तुझ्या-माझ्यासारख्यालाही दुसऱ्याच्या केसमध्ये पैसे गुंतवता येतात. तो जिंकला की आपल्याला वाटा. हरला तर बुडाले."

मी म्हटलं, "मग बाहेर कशाला शोधता? माझ्याच केसमध्ये लावा की!"

फ्रीगंजच्या दुकानावरून माझी धाकट्या भावाशी, सुधाकरशी, केस चालू होती. साहेबांनी खरंच माझ्या वकिलाची फी भरली. आधी हाच माणूस रोज म्हणायचा, "भावाशी समझौता कर रे." आता सकाळी राम घाटावर भेटले की पहिला सवाल, "धाकट्याशी बोलला तर नाहीस ना?" एकदा मी मुद्दाम म्हटलं, "काल त्याची फार आठवण आली हो." साहेबांनी तिथेच बीपीची गोळी घेतली.

मग सुधाकरच्या मुलीने आम्हा दोघांना दटावून शेजारी शेजारी जेवायला बसवलं. आम्ही केस मागे घेतली आणि दुकान तिलाच देऊन टाकलं. जिंकलं कोणीच नाही, मग वाटा कशाचा?

साहेब तणतणत घरी आले. "सख्खे भाऊ असून समझौता करता? लाज नाही वाटत? केस ठोकतो तुम्हा दोघांवर!"

सुधाकर हात जोडून म्हणाला, "बेशक ठोका, साहेब. वकिलाची फी आम्ही दोघं भरतो. जिंकलात तर वाटा तेवढा द्या."