पिशवी घेतली का?

नाही, पण मी म्हणतो, माणसानं घराबाहेर पडायचं की नाही? पायात चप्पल सरकवली, किल्ली खिशात टाकली, दाराच्या कडीला हात लावला, की आतून आवाज आलाच, "अहो, पिशवी घेतली का?" आता मी न्हाव्याकडे चाललोय हो. तिथून पिशवीत काय आणू, केस? तर म्हणते, "येताना कोथिंबीर दिसली तर?" दिसली तर... म्हणजे मला कोथिंबीर दिसण्याचा संभव आहे म्हणून मी पिशवी घेऊन दाढीला बसायचं. परवा एकांकडे माणूस गेलं म्हणून भेटायला गेलो, पांढरा सदरा, पडलेला चेहरा, हात जोडून सतरंजीवर बसलो, आणि खिशातून पिशवी लोंबतेय, साडीच्या दुकानाची, वर छापलेलं, "पुन्हा अवश्य या". त्या घरचे लोक माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघत होते.

तुम्हाला सांगतो, हे आमच्याकडे आधी नव्हतं. मी नागोराव, मूळचा वर्ध्याकडचा, सगळी नोकरी खडकीच्या फॅक्टरीत, सगळा संसार तिथल्या क्वार्टरमध्ये, आणि आता रिटायर होऊन कात्रजला मुलगा-सुनेजवळ. सून आमची उत्कर्षा, गुणी पोरगी, आयटीत आहे. एक दिवस तिच्या ऑफिसात कुणीतरी लेक्चर दिलं आणि ते सगळं लेक्चर ती घरी घेऊन आली. "बाबा, आजपासून सिंगल यूज प्लास्टिक बंद. एकदम नाही जमणार, पण रोज एक छोटी हॅबिट." मी म्हटलं, बरं बाप्पा. मला वाटलं, छोटी आहे, होईल आपोआप बंद. पण ती जाऊन सांगितली तिनं सासूला, आणि आमची कौशल्या म्हणजे... एकदा मनावर घेतलं की घेतलं. सून चार दिवसांत थंडावेल, सासू नाही थंडावत.

दुधाची पिशवी घ्या. जन्मभर मी कोपरा कापून दूध ओतलं, काही बिघडलं का कुणाचं? "बाबा, कोपरा पूर्ण कापायचा नाही, तो तुकडा हरवतो, नाल्यात जातो." बरं, नाही कापत. अर्धा कापतो. मग तो अर्धा कोपरा धारेच्या मध्ये लोंबतो आणि दूध पातेलं सोडून सगळीकडे जातं. नारळपाणी प्यायला गेलो तर स्ट्रॉ नाही घ्यायची, तोंड लावायचं. लावलं. निम्मं पाणी पोटात, निम्मं बनियनमध्ये. आणि पिशवी विसरलो तर प्लास्टिकची आणायची नाही, म्हणून दर वेळी एक नवी कापडी विकत आणतो. आता दारामागे पिशव्यांची एक पिशवी आहे, ती फुगली म्हणून तिच्यासाठी मोठी पिशवी आणली, आणि एवढ्या पिशव्या टांगलेल्या दारातून मी बाहेर पडतो आणि कौशल्या विचारते काय? "पिशवी घेतली का?"

असो. तर दसरा. दसऱ्याला श्रीखंड, आणि श्रीखंडाचा चक्का आमच्याकडे कसबा पेठेतल्या दशरथ दूधवाल्याचाच. आता कात्रजला दूध-दह्याचा काय दुष्काळ आहे? पण नाही. खडकीला होतो तेव्हापासून कौशल्या त्याच्याकडूनच आणते, त्यामुळे बस पकडून कसब्यात जाणं आलं. तो देतो प्लास्टिकच्या डब्यात, झाकणबिकण लावून, सुटसुटीत. पण आमच्या घरी ते चालायचं नाही. म्हणून कौशल्यानं फळीवरून काढून दिला, तिच्या आईचा डबा.

इथं जरा थांबतो, कारण हा डबा साधा नाही. स्टीलचा, कडीचा, झाकणाला एक पोचा, आणि पोटावर कोरलेलं, "चि. कौशल्या हिस, गोदाबाईकडून". लग्न होऊन ती माझ्यामागे पुण्याला निघाली तेव्हा सासूबाईंनी त्यात जवसाची चटणी भरून दिली होती. चटणी संपली, सासूबाई गेल्या, राहिला तो डबा. क्वार्टर बदलली, घर बदललं, भांडी मोडीत गेली, पण ह्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. आणि तो तिनं माझ्या हातात दिला. का? तर सून म्हणाली, "आई, तोच बरा, झाकण घट्ट आहे." देताना कौशल्या एवढंच बोलली, "जपून हं." आणि मी दारात पोचलो तर, "पिशवी घेतली का?" घेतली होती. त्या दिवशी घेतली होती, हे लक्षात ठेवा.

कसब्यात पोचतो तर दशरथच्या दुकानापुढे रांग. पण माणसांची नाही, डब्यांची. तिथली पद्धतच तशी, पायरीवर आपला डबा रांगेत ठेवायचा आणि आपण कामाला जायचं. डबे पुढं सरकत राहतात, ज्याला जमेल तो सरकवतो, आपला नंबर आला की आपण हजर व्हायचं. मी नवखा होतो तेव्हा एकदा स्वतःच उभा राहिलो, तर दशरथ म्हणाला, "तुम्ही कशाला? डबा ठेवा. तुमच्यात काय भरू?" आमच्या वर्ध्याला असं कुणी ग्राहकाशी बोललं असतं तर... जाऊ द्या.

ठेवला डबा. म्हटलं तोवर झेंडू घेऊ, आपट्याची पानं घेऊ. फुलवाली म्हणते, "पिशवी आहे का?" म्हटलं, आहे. अशी छाती फुगली माझी. फुलं घेतली, परत आलो तर रांग पार पुढं गेलेली. सगळेच डबे स्टीलचे, सगळेच कडीचे. मी आपला पोचा शोधला. पोच्याचं झाकण दिसलं, उचलला, दशरथपुढे ठेवला, "एक किलो." भरला, झाकण लावलं, झेंडूत बसवला, बस पकडली, आणि मनात म्हटलं, नागोराव, जमलं तुला. अहो, स्वतःच्या डब्यावर स्वतःचं नाव आहे की नाही, हे कुणी वाचतं का? तुम्ही वाचता? आणि ज्या घरातल्या डब्याला पोचा नाही असं एक घर मला पुण्यात दाखवा.

घरी आलो. कौशल्यानं डबा बाहेर काढला, पदरानं पुसला, फिरवला... आणि थांबली. सून वाकून वाचायला लागली, मोठ्यानं. "कै. कोंडीराम यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ. कसबा पेठ." मग माझ्याकडे बघून हळूच, "बाबा, कोण गेलं?"

दसऱ्याचा दिवस, दाराला तोरण लावायचं, आणि मी घरी काय घेऊन आलो तर कोंडीराम.

आता मला वाटलं, कौशल्या फाडून खाईल. तिनं फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. ती काही बोललीच नाही. डबा टेबलावर ठेवला, खुर्चीवर बसली आणि हात मांडीवर ठेवून बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्या बाईला गप्प बघितलेलं नाही. मला खरंच भीती वाटली. एवढंच म्हणाली, "आईचा तेवढाच होता." मी तिथून तसाच उठलो, कोंडीरामांना कडीला धरलं आणि निघालो. दारापर्यंत गेलो, जरा रेंगाळलो पण. आतून काही आवाज आला नाही.

परत बस, परत कसबा. बसमध्ये शेजारचा माणूस डब्यावरचं नाव वाचून मला म्हणतो, "वडील का?" काय सांगू त्याला? दशरथचं दुकान अर्धं बंद झालेलं. म्हटलं, "अहो, हे कोंडीराम कुठं राहतात?"

"वारले ते."

"ते कळलं मला. डब्यावर आहे."

"मग शोधताय कशाला?"

बघा. ही पुण्याची बोलण्याची रीत. चूक एकही शब्द नाही आणि उपयोग एकाही शब्दाचा नाही. मी सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं डबा निरखला आणि म्हणाला, "मुक्ताईंचा आहे. गणपतीच्या देवळामागची गल्ली, निळं दार. आणि रांगेत डबा ठेवला की बघून उचलावा."

निळं दार वाजवलं. एक म्हातारी, काठापदराचं लुगडं, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. माझ्याकडे बघितलंच नाही तिनं. डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलात? सकाळपासून पत्ता नाही ह्यांचा." मी मागं वळून बघितलं, मागं कुणी नव्हतं. तेव्हा उमगलं, ती डब्याशी बोलतेय.

आत बसवलं. तिच्या टेबलावर गोदाबाई. म्हणजे आमचा डबा, झाकण न उघडलेला. "दुसऱ्याच्या आईच्या डब्यातलं कसं खाणार?" म्हणाली. "दशरथकडे परत नेणार होते, गुडघे चालेनात." मग सांगत बसली. वर्षश्राद्धाला मुलांनी असे डबे वाटले, सगळे गेले नातेवाइकांकडे, तिच्याकडे एवढा एकच राहिला. "हयातीत रोज दूध आणायला हेच जायचे. आताही ह्यांनाच पाठवते. फक्त उचलून न्यावं लागतं." आणि हसली. मला काही हसू येईना. माझ्या डोळ्यांपुढे कौशल्या, हात मांडीवर ठेवून.

पण तुम्हाला सांगतो, गोष्ट इथं संपली असती तर मी तुमच्यापुढे रडलो असतो का? एक किलो चक्का कोंडीरामांत माझा, पाव किलो गोदाबाईत तिचा. तिनं आपला पातेल्यात काढला, माझा गोदाबाईत भरला, आणि तो काठोकाठ आला, झाकण बसेना, कडेनं पाणी गळायला लागलं. म्हातारी म्हणते, "पिशवी आहे का?"

नव्हती हो. सगळं जग मला रोज विचारतं, पिशवी घेतली का, पिशवी घेतली का, आणि त्या एका खेपेला विचारणारीच गप्प बसली, म्हणून मी तसाच निघालो.

मुक्ताईनं गादीखालून काढली एक. प्लास्टिकची. चार घड्या घातलेली, इस्त्री केल्यासारखी. डबा आत घातला, गाठ मारली आणि म्हणाली, "बरीच वर्षं वापरतेय मी ही. धुऊन आणून द्या." म्हटलं, मावशी, आमच्या घरी प्लास्टिक चालत नाही. म्हणाली, "चालत नाही ना? मग ठेवून घेऊ नका."

घरी आलो. कौशल्यानं गाठ सोडली, डबा काढला, नावावरून बोट फिरवलं, आणि डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं. म्हटलं, सुटलो. तेवढ्यात तिची नजर गेली खाली. "ही कुठली? प्लास्टिकची? दारामागे एवढ्या टांगल्यात, एक न्यायला काय झालं होतं?" आणि सुरू झाली. तुम्हाला खोटं वाटेल, पण इतकं बरं वाटलं मला.

श्रीखंड झालं, खाल्लं, छान होतं. पिशवी धुतली, दोरीवर चिमट्यानं वाळत घातली, उत्कर्षानं तिचा फोटो काढून ऑफिसात पाठवला. आणि आज सकाळी मी ती घडी करून खिशात घातली, मुक्ताईंना द्यायची आपट्याची पानं घेतली, चप्पल सरकवली, कडीला हात लावला.

"अहो, पिशवी घेतली का?"

म्हटलं, "अगं, पिशवीच परत द्यायला चाललोय."

तर म्हणते, "मग ती नेणार कशातून?"