हिरव्या औषधाचे ठिपके

बल्त्सी शहरातल्या बालदवाखान्यात रांगेत माझ्यापुढे लिलियाना बसली होती, शिवणकारखान्यातली. मांडीवर दीड वर्षाची इलिंका. अंगभर कांजिण्या आणि एकूणएक फोडावर ते सुकवायचं हिरवं औषध. शेजारी सासू.

"पाठीवरचे हे तीन काल नव्हते."

"हळू बोला, आई."

"न रंगवलेला फोड दिसला की डॉक्टरीण तो नवा धरते. म्हणून सकाळी उठून रंगवलेस होय?"

"नवा दिसला तर पाळणाघरात परत घ्यायची चिठ्ठी पाच दिवस लांबते. उद्या गेले नाही तर माझ्या मशीनवर दुसरी बसेल. तुम्ही सांभाळता हिला?"

"मग माझ्या गाईंची धार कोण काढणार, तुझा इटलीतला नवरा?"

"तुमचाच मुलगा तो."

"आणि पाळणाघरातल्या बाकीच्या पोरांचं काय गं?"

"त्यांच्यातल्याच एकाच्या आईनं असंच रंगवून पाठवलं होतं. तिथूनच घेऊन आली ही."

"म्हणून तूही तेच करायचं?"

"पटत नसेल तर आत जाऊन सांगून टाका."

नंबर आला. दार उघडंच राहिलं.

"काल-आज नवे फोड आले?"

लिलियानानं सासूकडे बघितलं.

"एकही नाही, डॉक्टरीणबाई," सासू म्हणाली. "मी स्वतः पाठ बघितलीय."