ज्या कटोऱ्यात ही फुलं आहेत

मायबहिणींनो, बापहो, आणि समोर बसलेल्या कौसल्यावहिनी,

मी कधी माईकवर बोललो नाही. अकरा वर्षं माईक लावला, त्याले फुंकर मारली, "हॅलो, हॅलो" म्हटलं, न् बाजूले झालो. बोलणारे दुसरेच असत. आज तुम्ही मलेच उभं केलं, न् मी हा माईक दोन्ही हातांनी आवळून धरला आहे. तुम्हाले वाटत असेल, दुःखानं. दुःख तर आहेच. पण रागानंही धरला आहे, हे पहिलेच सांगून टाकतो.

माझ्या आधी तिघं बोलले. देवाजी कलाप्रेमी होता म्हणे. देवाजी गावाचं भूषण होता म्हणे. होताच ना! मंग त्या भूषणाले तीन वर्षं मंडईच्या जत्रेबाहेर काहून ठेवलं? हे कोणी बोललं नाही. मेल्यावर माणूस किती गोड होते, बाप्पा!

बाहेरगावचे पाहुणे आहेत, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. देवाजी जवाहरनगरले फॅक्टरीत फिटर. सकाळी फॅक्टरीची बस, संध्याकाळी फॅक्टरीची बस. न् सुट्टीच्या दिवशी त्याचा साऊंड सेट. एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, एक रेकॉर्ड प्लेअर. मी नामदेव, त्याचा भागीदार. भागीदार कायचा, वायर ओढणारा गडी.

एकदा आम्ही दोघं भोंग्याचं युनिट शोधाले लाखनीले गेलो. रोडावरच्या भंगारवाल्याकडे एक लोखंडी पेटी पडली होती. कोणी एक मास्तर आफ्रिकेत शिकवाले गेले होते, तिकडून त्यांनी पेटीभर रेकॉर्डी आणल्या. मास्तर वारले, घरच्यांनी पेटी भंगारात टाकली. आपली रीतच आहे ती. माणूस गेला की त्याचा जीव ज्याच्यात होता ते आधी घराबाहेर.

देवाजीनं एक रेकॉर्ड काढली. कव्हरवर चार जण, ढगळ पँटी, डोक्यावर केसांचे टोपले, हसून राहिलेले. देवाजी पाहतच राहिला. मले म्हणे, "नामदेव, हे आपलेच लोक दिसतात बे."

मी म्हटलं, "आपले कायचे? भाषा तरी समजते का तुले?"

तर म्हणे, "भोंग्याले भाषा लागते का?"

छत्तीस रेकॉर्डी होत्या. घरी आणून त्यानं एकेक रिठ्याच्या पाण्यानं धुतली. मधल्या लाल कागदाले थेंब लागू दिला नाही. बाजेवर धोतर अंथरून सावलीत वाळवल्या. वहिनी, तुम्हाले आठवते ना? तुम्ही म्हटलं होतं, "पोरीले न्हाऊ घालाले कधी इतका बसला नाही हा माणूस." गाण्यांची नावं आम्हाले वाचता येत नव्हती. मंग देवाजीनंच नावं ठेवली न् कव्हरवर पेन्सिलीनं लिहिली. एकीचं नाव 'बैल सुटले'. एकीचं 'जावई रुसला'. एकीचं 'बाई हसते ती', कारण गाण्याच्या शेवटी गाणारी बाई खरंच हसते. न् एकीचं 'रोवण्याची'.

ती 'रोवण्याची' कशी झाली, ते इथं बसलेल्या बायांले विचारा. धानाची रोवणी, पऱ्हे लावणं सुरू होतं. देवाजीनं ट्रॅक्टरची बॅटरी जोडून बांधीच्या धुऱ्यावर, चिखलाच्या काठाले, सेट लावला. बाया वाकून मागं मागं सरकत होत्या, न् ते ढोल, ती गिटार सुरू झाली. पहिले तर सगळ्या तोंडाले पदर लावून हसल्या. मंग पाहता पाहता सगळ्यांचे हात एका तालात चिखलात जाऊ लागले. माझी बायको कधी कोणाचं कौतुक करत नाही. ती म्हणाली, "कंबर दुखली नाही आज. हे गाणं हात धरून नेते." आता बोला. कोणत्या देशातल्या कोणत्या माणसानं गायलं असेल, न् कोणाची कंबर हलकी झाली!

हे सुख मंडईत सगळ्या गावाले द्यावं, एवढीच त्याची हौस होती. दिवाळीनंतरची मंडई, चार गावचे पाव्हणे, दुपारची गर्दी. त्यानं 'बैल सुटले' लावली. पोरं नाचाले लागली. तेवढ्यात मंडई समितीचे अध्यक्ष आले. आज ते पुढच्या खुर्चीवर बसले आहेत, बसू द्या. माईक ओढून म्हणाले, "देवाजी, हे काळ्या लोकांचं बोंबलणं बंद कर. आपली इज्जत आहे."

देवाजीनं दुसरा माईक घेतला. शांतपणे म्हणे, "न् आपण कोणत्या गावचे गोरे, अध्यक्षसाहेब?"

सगळी मंडई हसली. अध्यक्ष नाही हसले. पुढच्या वर्षी टेपवाला सेट बाहेरून आला. देवाजीले सांगितलं, माफी माग, मंग पाहू. तो म्हणे, "माफी कायची? रंगाची?" तीन मंडया तो आपल्याच गावात पाहुण्यासारखा फिरला. कोणी बोललं का? मी बोललो का? नाही बोललो. पोटाले भीत होतो, लोकांले भीत होतो.

मंग तो बिमार पडला. नागपूरले भरती केलं. जाताना रेकॉर्डींची पेटी माझ्या घरी ठेवली न् चाबी माझ्या हातात दिली. "उन्हात ठेवू नको. उभ्या ठेव, आडव्या नको." एवढंच म्हणाला.

आता ऐका. समोर देवाजीचा फोटो आहे. फोटोपुढे फुलांचा एक कटोरा आहे, काळा, झालरीच्या काठाचा. सकाळपासून सगळे त्याच्यात फुलं टाकून राहिले. कोणी त्याच्या बुडाकडे पाहिलं? बुडाशी लाल कागद आहे, मधोमध भोक आहे. रेकॉर्ड आहे ती! गरम पाण्यात नरम करून उपड्या गंजाच्या बुडावर दाबलेली. 'रोवण्याची' आहे ती. देवाजीच्या फोटोपुढे देवाजीचंच गाणं मुरगाळून ठेवलं, न् त्याच्यात फुलं वाहून राहिलो आपण!

शिवणक्लासमध्ये तशी फॅशनच निघाली होती. घरोघरी कटोरे झाले. कोणाच्या टीव्हीवर आहे, कोणाच्या देव्हाऱ्यात आहे. पण बायांवर माझा राग नाही. त्यांनी मागितल्या. देणारा कोण होता?

मी होतो. हा नामदेव. समितीतले दोघं शिवणक्लाससाठी रेकॉर्डी मागाले घरी आले, म्हणाले, "तो काही आता सेट लावत नाही, पडूनच आहेत ना?" न् मी चाबी काढून दिली. 'नाही' म्हणासाठी जीभ उचलली नाही माझी. अध्यक्षांवर ओरडून राहिलो मघापासून, पण त्यांनी तर नुसतं गाणं बंद केलं होतं.

कोणी म्हणते, पुन्हा गरम पाण्यात टाकली की सपाट होते. करून पाहिलं मी. होते सपाट. गाणं येत नाही परत. सुई नुसती घसरते.

नागपूरच्या शेवटच्या भेटीत त्यानं विचारलं, "पेटी बरी आहे ना?" मी म्हटलं, "एकदम बरी. उभ्या ठेवल्या." तो बरं म्हणाला, न् डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं हो. ते समाधान मले खाऊन राहिलं.

एक रेकॉर्ड वाचली. पेटीत नव्हती म्हणून वाचली, प्लेअरवरच राहून गेली होती. 'बाई हसते ती'. अध्यक्षसाहेब, यंदाच्या मंडईत ही वाजेल, भोंग्यातून वाजेल. बंद कराले याल, तर आधी माझा हात धरावा लागेल.

न् आताही वाजेल, त्याचा प्लेअर इथं लावूनच ठेवला आहे. मी त्या कटोऱ्यातली फुलं काढून फोटोजवळ ठेवतो. मंग सुई ठेवतो. शेवटी ती बाई हसेल, शोकसभा आहे म्हणून कोणी दचकू नका, हसू द्या तिले. गाणं संपल्यावर देवाजी लगेच सुई उचलत नव्हता. म्हणे, बाईले श्वास घेऊ दे. मीही उचलणार नाही. मागं जी खरखर राहील, तीच आपली शांतता. ती चालू आहे तोवर सगळ्यांनी उभं राहावं, एवढी विनंती.

देवाजी, गड्या, पेटी नाही राहिली. खोटं बोललो मी तुले. रामराम.