फुंकणीचं विचारलंच नाही

वहिनी : हात खाली. अहो, हात खाली घ्या म्हणते ना! द्या ती फुंकणी इकडे.

थोरला : एकाच सांध्याला डाख द्यायचा राहिलाय.

वहिनी : परवाही एकच राहिला होता. त्या एकापायी आज गालाचा हा भोपळा झालाय.

धाकटा : वहिनी, आत येऊ, की दारातूनच ऐकू?

वहिनी : या भाऊजी, या. आणि तुम्ही डोळे वटारू नका. मीच फोन केला त्यांना.

थोरला : कशाला?

धाकटा : मलाही तेच विचारायचंय. रस्त्यापलीकडच्या दुकानातून नऊ वर्षांत एक शब्द नाही, आणि आज फोन, ‘असाल तसे या.’ मला वाटलं, तू गेलासच.

थोरला : दाढ गेली.

वहिनी : अक्कलदाढ. आडवी फुटली होती. सोमवारी हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून काढली, पाच टाके घातले. दाढ तिथे राहिली ती राहिली, अक्कलही तिथेच ठेवून आले.

धाकटा : म्हणजे काय केलं?

वहिनी : डॉक्टरांनी दोन पानं भरून लिहून दिलं होतं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तिला जपायचं, तिच्या आडोशानं आतलं भरून येतं. म्हणून पहिले काही दिवस स्ट्रॉनं ओढून प्यायचं नाही, जोरात थुंकायचं नाही, सिगारेट नाही. मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मान डोलावली यांनी. आणि बुधवारी मी बँकेत गेले, तर हे इथे बसून पाऊण तास गाल फुगवून ज्योत फुंकत होते! गाठ निघाली, हाड उघडं पडलं.

थोरला : मी सिगारेट ओढत नाही.

वहिनी : ऐका!

थोरला : फुंकणीचं त्यांनी विचारलंच नाही.

धाकटा : तू काय काम करतोस ते सांगितलंस त्यांना?

थोरला : फॉर्मवर लिहिलं.

धाकटा : काय लिहिलं?

थोरला : दुकान.

धाकटा : धन्य आहे. त्यांना वाटलं असेल, सोनार नाही, साबण विकणारा आहेस.

वहिनी : हसू नका भाऊजी. काल पहाटे भिंतीला डोकं टेकून बसले होते. कळ कानात, कळ कपाळात. चाळीस वर्षं या माणसाच्या बोटांना चटके बसताना बघतेय, कधी हूं की चूं नाही. काल डोळ्यांतून पाणी येत होतं आणि म्हणत होते, काही नाही, धूर गेला. दिवा तरी पेटलेला होता का? दवाखान्यात नेलं. त्यांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली. आता पुन्हा फुंकलं, की पुन्हा पहिल्यापासून.

धाकटा : मग आज कशाला बसलाय हा?

वहिनी : विचारा त्यांनाच.

थोरला : बाई पाचला येणार.

वहिनी : कानातलं आहे त्यांच्या आईचं. लेक आज विमानानं चाललीय, कायमची. तिला द्यायचंय. सगळं जुळलं, एक सांधा राहिलाय.

धाकटा : एवढंच ना? माझा गॅसचा बर्नर घेऊन येतो. दोन मिनिटांचं काम.

थोरला : नको.

धाकटा : झालं सुरू.

थोरला : तार बघ आधी.

धाकटा : ... केसासारखी आहे.

थोरला : बर्नरखाली वितळून जाईल. तुला माहीत आहे.

धाकटा : माहीत आहे ना! बर्नरखालीच माझ्याकडून गिऱ्हाइकाचं ते पदक गेलं, आणि ‘माझ्या कामाला हात लावू नकोस’ म्हणालास. नऊ वर्षं झाली, अजून कानात वाजतंय. पण एक सांग. साऱ्या बाजारात बोभाटा कसा झाला नाही? मी दुकान टाकलं तेव्हा वाट बघत होतो, कोणीतरी येईल आणि म्हणेल, हाच तो पदक वितळवणारा.

वहिनी : कोण म्हणेल? ज्यांचं पदक, त्यांना तरी कुठे माहीत आहे?

धाकटा : म्हणजे?

थोरला : तू गप्प बस.

वहिनी : मी का? गप्प बसायला डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय. भाऊजी, तुम्ही तणतणत निघून गेलात. दुसऱ्या दिवशी हे त्या गिऱ्हाइकाकडे गेले, नवं पदक घडवून देतो म्हणाले, आणि सांगितलं, ‘माझ्या हातून गेलं.’ वर्षभर त्या घरानं यांच्याकडे काम टाकलं नाही.

धाकटा : दादा?

थोरला : हं.

धाकटा : मला का नाही सांगितलंस?

थोरला : तू थांबलास कुठे.

धाकटा : रस्ता ओलांडायचा होता फक्त!

थोरला : तुलाही.

वहिनी : तीन वाजले. दोघांनी मिळून नऊ वर्षं घालवली, आता गोळीची वेळ तरी घालवू नका. घ्या.

थोरला : दुखलं की घेतो.

वहिनी : घड्याळ बघून घ्यायची आहे, कळ बघून नाही. कळ डोक्यात चढल्यावर घेतली, तर गोळी बिचारी तिच्यामागे पळत सुटते.

थोरला : हात जड होतो.

धाकटा : होऊ दे. आज तुझ्या हाताचं काम नाही. फुंकणी माझ्याकडे द्या, वहिनी.

थोरला : नऊ वर्षं धरली नाहीस.

धाकटा : फुंकायला गाल लागतात. ते वाढलेत, बघ.

थोरला : गेलं तर?

धाकटा : गेलं तर बाईंना मीच सांगेन. या वेळी तू नाही. घे गोळी.

वहिनी : घेतली! देवा, घेतली. हे चार चमचे दही खा वर, रिकाम्या पोटी नको. डाव्या बाजूनं खा.

(धाकटा स्टूल ओढून दिव्यापुढे बसतो. थोरला त्याच्या खांद्यामागे, गालाला कोमट फडकं लावून.)

थोरला : वात बारीक.

धाकटा : एवढी?

थोरला : अजून. हं. नाकानं श्वास. गालातला वारा संपू देऊ नको.

धाकटा : फू... थू! ओठातून निसटतंय.

थोरला : ओठ आवळ. कोपरा टेबलावर टेकव.

वहिनी : अहो! तुम्ही कशाला गाल फुगवताय? भाऊजी फुंकतायत, तुम्ही नाही!

थोरला : आपोआप होतं.

वहिनी : मग आ करून बसा. तोंड उघडं ठेवा, म्हणजे फुगणारच नाही. टेबलावर टिचक्या मारून सांगा. एक टिचकी जवळ, दोन लांब.

धाकटा : हे बरं. गेल्या आठवड्यात असतं तर दाढही दिसली असती.

थोरला : फुंक.

वहिनी : एक टिचकी. जवळ घ्या भाऊजी. अजून एक. थांबा, दोन! दोन मारल्या, लांब!

धाकटा : ... गेलं. डाख गोळा होऊन बसला, पसरला नाही. माझ्यानं नाही होणार, दादा.

थोरला : तार शाबूत आहे?

धाकटा : आहे.

थोरला : मग काय गेलं? पुसून घे. टाकणखार लाव. परत.

धाकटा : सव्वाचार झालेत.

थोरला : परत.

वहिनी : तुमचा घाम पुसू का, भाऊजी? बरं, नाही पुसत. हं... एक टिचकी. परत एक. आता मारतच नाहीयेत. अहो, मारा ना काहीतरी! यांनी डोळेच मिटले.

थोरला : मिटले नाहीत. चाललंय ते बरोबर आहे.

वहिनी : चमकलं! ते बघा, पाण्यासारखं पसरलं!

थोरला : लांब घे. लांब! हं. ठेव खाली.

धाकटा : ठेवलं. भिंग घे. बोल काहीतरी.

थोरला : दिसतोय सांधा.

धाकटा : कुठे?

थोरला : मला दिसतोय. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

वहिनी : म्हणजे चांगला झालाय, भाऊजी. याहून गोड बोलणं मलाही कधी मिळालेलं नाही.

धाकटा : कळ कशी आहे, दादा?

थोरला : आहे. मघापेक्षा खाली आहे.

वहिनी : अजून आठ दिवस तरी ही फुंकणी माझ्या कपाटात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत कुलूप. यांनी किल्ली मागितली तर मी बहिरी.

धाकटा : कपाटात नको. बाकीची कामं पडलीत ना? मी रोज दोनला येतो. माझ्याकडे दुपारी माशा मारत बसायचंच असतं.

थोरला : दोनला नको.

धाकटा : मग?

थोरला : दीडला. तुला वेळ लागतो.

वहिनी : बाई आल्या, पायरीशी आहेत. डबी कुठे आहे? आणि त्यांना काय सांगायचं? कुणी जोडलं, विचारतीलच त्या.

धाकटा : दादानंच जोडलं म्हणा. आईची वस्तू आहे, त्यांचा भरवसा याच्यावर आहे. उगाच लेकीला निरोप द्यायच्या वेळी जिवाला घोर नको.

वहिनी : असंच सांगते.

थोरला : तू काही सांगू नकोस.

वहिनी : मग कोण सांगणार?

थोरला : मी.

धाकटा : दादा, टाके आहेत. बोलू नकोस.

थोरला : या बाई, बसा. हा माझा भाऊ. काम यानं केलंय.